ऑक्सिजन सेन्सर बदलूनही चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागत असेल तर

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर लावल्यावर ऑक्सिजन सेन्सरचा कोड दिसतो, गॅरेजमध्ये सेन्सर बदलला जातो, दिवा विझतो आणि काही आठवड्यांनी तोच कोड परत येतो. हा अनुभव ज्यांच्या वाट्याला आला आहे त्यांच्यासाठी हे टिपण आहे. कोडमध्ये सेन्सरचे नाव आले म्हणजे सेन्सर निकामी झाला, असा त्याचा अर्थ होत नाही. सेन्सर खोटे सांगत आहे की खरे सांगत असूनही त्याच्यावर ठपका ठेवला जात आहे, हे आधी ठरवावे लागते. आणि ते ठरवायला एक साधा स्कॅनर, एक डिजिटल मल्टिमीटर आणि थोडा धीर एवढे साहित्य बहुतेक वेळा पुरते.

येथे मुख्यतः चार तारांच्या झिरकोनिया सेन्सरचा विचार केला आहे. याच्या सिरॅमिक टोकाच्या बाहेरच्या बाजूला सायलेन्सरकडे जाणारा वायू असतो आणि आतल्या बाजूला बाहेरची मोकळी हवा असते. दोन्हीकडील ऑक्सिजनच्या प्रमाणातील फरकामुळे सेन्सर स्वतःच लहानसा व्होल्टेज निर्माण करतो. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त असेल, म्हणजे मिश्रण लीन असेल, तर हा व्होल्टेज ०.१ व्होल्टच्या आसपास राहतो आणि मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, असेल तर ०.८ ते ०.९ पर्यंत चढतो. शुद्ध पेट्रोलसाठी हवा आणि इंधन यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ असते, त्या बिंदूपाशी व्होल्टेज ०.४५ च्या आजूबाजूला एकदम पलटतो. हे सारे टोक सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावरच घडते. बॉशने १९७६ साली हा सेन्सर व्होल्व्होच्या गाड्यांवर प्रथम आणला, तेव्हा तो केवळ सायलेन्सरच्या उष्णतेवर तापत असे. आतला हीटर नंतर आला. म्हणूनच आजच्या सेन्सरमध्ये एकाच धातूच्या कवचात दोन स्वतंत्र गोष्टी असतात, एक मोजणारी आणि एक तापवणारी, आणि त्यांचे बिघाडही स्वतंत्र असतात.

कोडचे गट वेगळे करावेत

ओळीत सिलिंडर असलेल्या इंजिनात एकच बँक, म्हणजे सिलिंडरांची रांग, असते. सायलेन्सरच्या नळीतील विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर म्हणजे सेन्सर १ आणि नंतरचा म्हणजे सेन्सर २. पी ०१३० ते पी ०१३५ हे कोड पहिल्या सेन्सरचे आणि पी ०१३६ ते पी ०१४१ हे दुसऱ्याचे. यांपैकी पी ०१३५ आणि पी ०१४१ हे हीटरच्या सर्किटचे कोड आहेत. पी ००३० ते पी ००३२ हेही पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या नियंत्रणाविषयीच आहेत. पी ०१३१ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज कमी, पी ०१३२ म्हणजे जास्त, पी ०१३३ म्हणजे प्रतिसाद मंद आणि पी ०१३४ म्हणजे सिग्नलची हालचालच नाही. पी ०१७१ आणि पी ०१७२ हे अनुक्रमे लीन आणि रिच मिश्रणाचे कोड. त्यांत सेन्सर दोषी असल्याचे कोठेही म्हटलेले नाही, तरीही ते दिसताच सेन्सर बदलण्याची प्रथा आपल्याकडे रुजलेली आहे. पी ०४२० हा कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचा कोड असून त्यासाठी पुढचा सेन्सर बदलण्यात फारसा अर्थ नसतो.

कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणीची इंजिनाची स्थिती, अवश्य लिहून ठेवावी. इंजिनाचे मिनिटाला फेरे किती होते, कूलंटचे तापमान किती होते, गाडी उभी होती की चढावर होती आणि फ्यूल ट्रिम, म्हणजे पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती, किती होता, एवढ्या माहितीवरून अर्धा तपास मार्गी लागतो. गॅरेजमध्ये गाडी पोचताच कोड पुसून टाकला जातो आणि ही माहितीही त्याबरोबर जाते, हे समस्या परत परत येण्यामागचे एक दुर्लक्षित कारण आहे.

हीटरचा कोड असेल तर

हा सर्वांत सोपा भाग आहे, कारण येथे मिश्रणाचा काहीही संबंध नाही. इंजिन थंड असताना सेन्सरचा कनेक्टर सोडवावा आणि सेन्सरच्या बाजूच्या हीटरच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. अनेक सेन्सरमध्ये या दोन्ही तारा एकाच रंगाच्या, बहुधा पांढऱ्या असतात. थंड हीटरचा रोध काही ओहम इतकाच, साधारणपणे ३ ते १५ च्या दरम्यान असतो. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी. मीटरने परिपथ तुटल्याचे दाखवले तर हीटर गेला आहे, आणि अशा वेळी सेन्सर बदलणे हाच उपाय आहे.

रोध योग्य असेल तर मात्र सेन्सरला हात लावू नये. वायरिंगच्या बाजूच्या पिनेवर बॅटरीइतका व्होल्टेज येतो का ते पाहावे. काही गाड्यांत तो केवळ इग्निशन चालू केल्यावर मिळतो, तर काहींत इंजिन सुरू असतानाच. येथे मल्टिमीटरवर पूर्ण विसंबून चालत नाही. गंजलेल्या, एखाद-दुसऱ्या तंतूवर तग धरलेल्या तारेतूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. हीटरला मात्र एक-दोन अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. म्हणून त्या पिनेला ५ ते १० वॅटचा एखादा बल्ब जोडून पाहावा. तो मंद लागला किंवा लागलाच नाही, तर दोष फ्यूज, रिले किंवा तारेत आहे. हीटरची दुसरी बाजू ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, अर्थला जोडून नियंत्रित करतो, त्यामुळे तेथपर्यंतची तार अखंड आहे की नाही हेही तपासावे. फ्यूज वारंवार उडत असेल, तर सेन्सरची वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतील जळका वायू गोळा करणाऱ्या तापलेल्या नळीला, किंवा हीट शील्डला घासून तिचे आवरण वितळले आहे काय, हे खाली वाकून डोळ्यांनी पाहावे. उंदरांनी कुरतडलेल्या तारा हा पावसाळ्यानंतरचा नेहमीचा प्रकार आहे.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत आणखी एक जागा पाहावी लागते. काही किटांच्या जोडणीत पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नल वायरवर एक फाटा काढलेला असतो, आणि बऱ्याचदा तो तार सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून केलेला असतो. उष्णतेने टेपचा डिंक सुटतो, तांब्याला हिरवट गंज चढतो आणि सिग्नल क्षीण होतो. अशा गाडीत कितीही नवे सेन्सर लावले तरी कोड परतणारच, कारण खराबी कनेक्टरच्या अलीकडे, वायरिंगमध्ये आहे. गाडी केवळ पेट्रोलवर चालवूनही कोड येतो की फक्त सीएनजीवर, हे वेगवेगळे नोंदवले तर किट आणि इंजिन यांतील दोष चटकन निराळे होतात.

सिग्नलचा कोड असेल तर

गाडी पूर्ण तापल्यावर इंजिन सुमारे २,५०० फेऱ्यांवर स्थिर धरावे आणि स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज पाहावा. निरोगी सेन्सरचा व्होल्टेज ०.२ च्या खालून ०.७ च्या वर आणि पुन्हा खाली असा सतत झोके घेत असतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे स्वस्त स्कॅनर हा आलेख तुटक दाखवतात, कारण त्यांचा वाचनाचा वेग कमी असतो. त्यामुळे पी ०१३३ सारख्या मंद प्रतिसादाच्या कोडचा निवाडा त्यांच्यावर करू नये. मात्र सेन्सर जिवंत आहे की नाही, एवढे ते नक्की सांगतात.

सेन्सर दोन्ही टोकांना पोचतो का, हे पाहण्याची माझ्या मते सर्वांत चांगली कसोटी रस्त्यावरच होते आणि तिला काहीही खर्च येत नाही. लांब उतारावर, घाट उतरताना, गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की काही क्षणांत ईसीएम इंजेक्टर बंद करतो. सायलेन्सरमधून तेव्हा जवळजवळ निव्वळ हवाच जाते, आणि सेन्सरचा व्होल्टेज शून्याजवळ यायलाच हवा. उलट चढावर जोराने ॲक्सिलरेटर दाबला की मिश्रण रिच होते आणि व्होल्टेज ०.८ च्या वर जायला हवा. दोन्ही टोके झटक्यात गाठली जात असतील, तर सेन्सर दोषमुक्त धरून तपास पुढे न्यावा. स्कॅनरकडे अर्थातच शेजारच्या माणसाने लक्ष ठेवावे, चालकाने नव्हे.

आकडा अडकून राहिला असेल, तर तो कोठे अडकला आहे यालाही अर्थ असतो. अनेक ईसीएम सिग्नलच्या तारेवर स्वतःहून सुमारे ०.४५ व्होल्ट ठेवतात. इंजिन तापूनही वाचन तेथून हलत नसेल, तर तार तुटली आहे, कनेक्टर सैल आहे किंवा टोक तापतच नाही. व्होल्टेज १.१ च्या वर दिसत असेल, तर मिश्रणाचा विचार सोडून द्यावा, कारण झिरकोनिया सेन्सर एवढा व्होल्टेज निर्माणच करू शकत नाही. हीटरचे १२ व्होल्ट सिग्नलच्या तारेत झिरपत आहेत, असे समजून वायरिंग तपासावे. व्होल्टेज शून्याच्याही खाली जात असेल, तर संशय आतल्या मोकळ्या हवेवर घ्यावा.

या मोकळ्या हवेविषयी जरा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या पावसाळ्याशी तिचा थेट संबंध आहे. सेन्सरला तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा आजच्या बहुतेक सेन्सरमध्ये तारांच्या तंतूंमधील सूक्ष्म पोकळीतून आत येते. तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी नेल्यावर कनेक्टरमध्ये पाणी शिरले, किंवा कोणी काळजीपोटी त्यात ग्रीस भरले, अथवा इंजिन धुताना डिग्रीझरचा फवारा थेट तेथे मारला, तर ही वाट बंद होते किंवा तिच्यातून आत बाष्प शिरते. आतल्या बाजूचा ऑक्सिजन कमी झाला की दोन्हीकडील फरक घटतो आणि सेन्सर मिश्रण आहे त्यापेक्षा लीन असल्याचे सांगू लागतो. ईसीएम त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज पडते. तारांचे सांधे सोल्डर करू नयेत, या सूचनेमागेही हेच कारण आहे: वितळलेले सोल्डर तंतूंमध्ये उतरून हवेची वाट बुजवते. शिवाय तापलेल्या सेन्सरवर एकदम थंड पाणी पडले तर आतील सिरॅमिकला तडा जाऊ शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. गाडी साचलेल्या पाण्यातून गेल्यानंतर कोड येऊ लागला असेल, तर कनेक्टर उघडून आतली ओल आणि पिनांवरील हिरवट थर प्रथम पाहावा. थंडीच्या दिवसांत इंजिन सुरू केल्यावर सेन्सर थोडा वेळ गप्प राहतो, तो मात्र दोष नसतो; सायलेन्सरच्या नळीत साचलेल्या पाण्याच्या थेंबांनी तापलेले सिरॅमिक तडकू नये म्हणून अनेक गाड्यांत ईसीएम हीटरला सुरुवातीला मुद्दामच कमी वीज देतो.

सेन्सर खरे बोलत असेल तर

हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो फक्त ऑक्सिजन मोजतो, हे एकदा मनात पक्के झाले की अनेक कोडी सुटतात. एखाद्या सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल मिसिंग मारत असेल, तर त्या सिलिंडरमधील पेट्रोल न जळता बाहेर पडते आणि त्याच्या वाट्याची हवाही तशीच बाहेर पडते. सेन्सरला ही जादा हवा दिसते, तो ‘लीन’ म्हणतो आणि ईसीएम पेट्रोल आणखी वाढवतो. सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येत असतानाही स्कॅनर मात्र लीन दाखवतो, ही विसंगती दिसली की सेन्सरऐवजी प्लग बाहेर काढून पाहावेत.

हीच फसगत सेन्सरच्या आधीच्या गळतीमुळे होते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुंकली गेली किंवा जोडाला बारीक चीर पडली, तर वायूच्या प्रत्येक धक्क्यानंतर निर्माण होणाऱ्या क्षणिक ओढीने बाहेरची हवा आत खेचली जाते. थंड इंजिन सुरू करताच ऐकू येणारी आणि तापल्यावर धातू प्रसरण पावून नाहीशी होणारी टिकटिक ही त्याची जुनी खूण आहे. जोडापाशी साचलेला काळा काजळीचा डागही पाहावा.

आता फ्यूल ट्रिम. अल्पकालीन आणि दीर्घकालीन ट्रिम यांची बेरीज म्हणजे ईसीएम मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, याची नोंद असते. ही बेरीज अधिक-उणे १० च्या आत असेल तर सामान्यतः चिंता नसते. आपल्याकडे यात इथेनॉलचाही वाटा असतो: ई१० पेट्रोलला (१० टक्के इथेनॉल) सुमारे १४.१ : १ आणि ई२० ला (२० टक्के) सुमारे १३.५ : १ एवढे हवेचे प्रमाण लागते, त्यामुळे ई१० साठी जुळवलेल्या गाडीत ई२० भरल्यावर ट्रिम चारएक टक्क्यांनी वर सरकणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून सेन्सरला दोष देऊ नये. मात्र आधीच ८ वर असलेला ट्रिम त्याने १२ वर जाऊन एक जुना, दबलेला दोष उघडा पडू शकतो.

ट्रिम केव्हा वाढतो, यावर कारण अवलंबून असते. हवेचा प्रवाह मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला ट्रिम २० च्या पुढे आणि २,५०० फेऱ्यांवर जवळजवळ सामान्य असेल, तर हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट, इंजिनाच्या पोटातील वाफ परत इनटेकमध्ये नेणारा पीसीव्हीचा होज किंवा ब्रेक बूस्टरची नळी कोठेतरी हवा घेत आहे. अनेक छोट्या गाड्यांत एमएएफऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तेथे अशी गळती ट्रिमपेक्षा वाढलेल्या आयडलिंगमधून जास्त जाणवते. उलट आयडलिंगला सारे ठीक आणि चढावर, जोर लावताना ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोल पंपाचा दाब, फिल्टर आणि इंजेक्टर तपासावेत. ट्रिम बराच उणे असेल, तर गळका इंजेक्टर किंवा टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकणे, ही कारणे संभवतात. पर्ज व्हॉल्व्हचा त्रास टाकी नुकतीच भरल्यावर अधिक दिसतो. केवळ दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइलमध्ये मिसळलेले पेट्रोल वाफ होऊन पीसीव्हीतून परत येते, तेथे ऑइल बदलल्यावर ट्रिम ताळ्यावर येतो.

मागच्या सेन्सरविषयी थोडक्यात. कन्व्हर्टर चांगला असेल तर या सेन्सरचा व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या आसपास बराचसा स्थिर राहतो. तो पुढच्यासारखाच झोके घेऊ लागला असेल आणि पी ०४२० आला असेल, तर आधी गळती आणि मिसिंग दूर करून मगच कन्व्हर्टरच्या खर्चाचा विचार करावा.

पाच-सहा तारांचा वाइडबँड सेन्सर असलेल्या गाडीला वरील व्होल्टेजचे आकडे लागू पडत नाहीत. तो प्रवाहाच्या रूपात मोजमाप करतो, म्हणून तेथे स्कॅनरवर लॅम्डाची, म्हणजे प्रत्यक्ष आणि आदर्श हवा-इंधन प्रमाणांच्या गुणोत्तराची, किंमत पाहावी, ती १.०० च्या जवळ राहायला हवी. त्याच्या जागी चार तारांचा सेन्सर बसवण्याचा विचारही करू नये.

नवा सेन्सर पुन्हा पुन्हा मरत असेल तर

काढलेल्या सेन्सरचे टोक फेकून देण्यापूर्वी न्याहाळावे. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच. पांढरा, खडूसारखा थर बहुधा सिलिकॉनचा, म्हणजे इंजिनाच्या जोडावर सेन्सरला अपायकारक सीलंट वापरल्याचा. तपकिरी-राखाडी राख म्हणजे इंजिन ऑइल जाळत आहे. आणि दाणेदार पांढरा-हिरवट थर असून कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. मूळ कारण तसेच राहिले तर पुढचा सेन्सरही त्याच वाटेने जातो. टोक पेट्रोलने धुणे, तारेच्या ब्रशने घासणे किंवा गॅसच्या ज्योतीवर तापवणे हे उपाय गॅरेजमध्ये सर्रास सुचवले जातात. त्याने काजळी जाते, सिलिकॉन आणि राख मात्र जात नाही, आणि टोकावरील सच्छिद्र संरक्षक थराची हानी होते ती वेगळीच.

बदलायचाच असेल तर सेन्सर गाडीच्या पार्ट क्रमांकानुसार, मूळ कनेक्टरसह घ्यावा. तारा तोडून जोडायचा युनिव्हर्सल सेन्सर वर सांगितलेल्या सर्व सांध्यांचे दोष सोबत घेऊन येतो. इंजिन कोमट असताना, आट्यांवर गंज सोडवणारे तेल आधी मुरू देऊन, २२ मिलिमीटरच्या फट असलेल्या सॉकेटने तो सोडवावा. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा वंगण लावलेलेच असते; नसल्यास अँटीसीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारे वंगण, फक्त आट्यांना लावावे, टोकाला नव्हे. साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर एवढे आवळणे पुरेसे होते. हातातून जमिनीवर पडलेला सेन्सर बाहेरून अखंड दिसला तरी बसवू नये.

कोड पुसल्यावर दिवा विझतो, पण ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, तेव्हा अपूर्ण अवस्थेत जातात. थंड इंजिन सुरू करून काही मिनिटे आयडलिंग, मग ६० ते ८० च्या स्थिर वेगाने काही अंतर आणि मध्ये पाय काढून गाडी आपोआप मंदावू देणे, असे दोन-तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी केल्यावर त्या सहसा पूर्ण होतात. ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा हीटर हे दोन्ही मॉनिटर पूर्ण झाल्याचे स्कॅनरवर दिसेपर्यंत गॅरेजचे काम संपले असे मानू नये, आणि पीयूसी तपासणीलाही त्यानंतरच जावे. त्या तपासणीतील जास्त फेऱ्यांवरच्या चाचणीत पेट्रोल गाडीचा लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान यावा लागतो. तपासणी करणाऱ्याच्या यंत्राने दिलेला हा आकडा स्कॅनरवरील ट्रिमशेजारी लिहून ठेवला, तर तुमच्या गाडीचा सेन्सर खरे सांगतो की नाही, याची दुसऱ्या एका यंत्राची साक्ष जवळजवळ फुकट मिळते.